मोनोपॉड व त्याचे शीर्ष

कॅमेरा स्थिर धरण्यासाठी वापरण्यात येणारा एकाच पायाचा आधारदंड म्हणजे मोनोपॉड होय. ग्रीक भाषेतील ‘एक’ व ‘पाय’ या अर्थांच्या शब्दांपासून हे नाव बनले असून काही ठिकाणी त्यास युनिपॉड असेही म्हणतात. एकमेकींत सरकणाऱ्या तीन ते पाच नळ्या, त्या हव्या त्या लांबीवर अडकविणाऱ्या कळा, तळाशी रबरी टोपण वा अणकुचीदार टोक आणि माथ्यावर कॅमेरा किंवा भिंग बसविण्याचा स्क्रू एवढीच त्याची रचना असते. माथा व कॅमेरा यांच्यामध्ये कॅमेऱ्याची दिशा बदलता यावी म्हणून जो सांधा बसवितात त्याला शीर्ष किंवा हेड म्हणतात. तिपाई म्हणजे ट्रायपॉड स्वतःच्या बळावर उभी राहते. मोनोपॉड तसा राहत नाही. छायाचित्रकाराचे दोन पाय व दंडाचा एक पाय मिळून तिपाई पुरी होते, असे त्याचे तत्त्व थोडक्यात सांगता येईल.

एका दंडावर भार टेकवून नेम धरण्याची कल्पना छायाचित्रणाहून पुष्कळच जुनी आहे. सोळाव्या व सतराव्या शतकांतील यूरोपीय बंदूकधारी पायदळातील सैनिक आपली जड तोडेदार बंदूक दुबेळक्याच्या आकाराच्या काठीवर टेकवून उडवीत. बंदूक हलकी झाली तेव्हा ही काठी सैन्यातून नाहीशी झाली. कॅमेऱ्याच्या बाबतीत मात्र उपकरण हलके झाल्यानंतरही आधार नाहीसा झाला नाही. असे का झाले, हाच या साधनाच्या इतिहासातील मुख्य प्रश्न आहे.

स्थिरतेची समस्या : छायाचित्रणाच्या आरंभकाळी कॅमेरा हातात धरण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता. फ्रान्समधील नीसेफॉर न्येप्स यांनी सु. १८२६-२७ मध्ये खिडकीतून टिपलेल्या सुप्रसिद्ध दृश्यास कित्येक तासांचे उद्भासन द्यावे लागले. लूई दागेअर यांनी १८३८ मध्ये पॅरिसमधील बूल्व्हार द्यू तांप्ल या रहदारीच्या रस्त्याचे चित्र घेतले, त्यात उद्भासन काही मिनिटांचे होते. घोडागाड्या व पादचारी चित्रात उमटलेच नाहीत. बुटांना पॉलिश करून घेण्यासाठी एका जागी उभा राहिलेला एक गृहस्थ तेवढा उमटला. १८३९ मध्ये दागेअर यांची पद्धती जाहीर झाल्यावर व्यक्तिचित्रांचा व्यवसाय सुरू झाला, तेव्हा कॅमेऱ्याबरोबर माणसालाही आधार देणे भाग पडले. चित्रशाळेत खुर्चीच्या मागे लोखंडी बैठकीचा एक उभा दांडा असे व त्याच्या टोकाच्या चिमट्यात बसणाऱ्याचे डोके मागून टेकविण्यात येई. जुन्या व्यक्तिचित्रांत उभ्या व्यक्तीच्या पायांमागे कधीकधी या दांड्याची बैठक दिसते. त्या चित्रांतील चेहऱ्यांवरील ताठर भाव केवळ त्या काळच्या शिष्टाचारातून आलेला नाही, हे ध्यानात ठेवले पाहिजे. योझेफ पेट्सव्हाल यांनी १८४० मध्ये तयार केलेल्या अधिक प्रकाशग्राही भिंगामुळे उद्भासनाचा काळ पुष्कळच घटला. तरी तो सेकंदांतच मोजावा लागे.

फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांच्या ओल्या कलोडियन पट्टिकेची पद्धती १८५१ मध्ये प्रसिद्ध झाली. या काळातील छायाचित्रकाराची तिपाई लाकडाची, पितळी बिजागऱ्यांची व चांगलीच वजनदार असे. रॉजर फेंटन यांनी १८५५ मध्ये क्रिमियाच्या युद्धभूमीवर काढलेल्या चित्रांत प्रत्यक्ष लढाई नाही. छावण्या, तोफा, अधिकारी व निर्मनुष्य दऱ्या आहेत. लढाई टिपणे त्या साधनांनी शक्यच नव्हते. भारतात मुंबईस १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी यांचे बंधू नारायण दाजी हे तेथील आरंभीच्या हौशी छायाचित्रकारांपैकी एक होत. १८६३ मध्ये भारतात आलेले सॅम्युएल बोर्न यांनी हिमालयातील सफरींत तिपाई, काचा, रसायने व अंधाराचा तंबू हमालांच्या ताफ्याकरवी उंच खिंडींपर्यंत नेला. स्थिरतेचे मोल त्या काळी हमालांच्या खांद्यांनी चुकते केले, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही.

रिचर्ड लीच मॅडॉक्स यांनी १८७१ मध्ये सुचविलेली जिलेटिनची कोरडी पट्टिका त्या दशकाच्या अखेरीस पुरेशी संवेदनशील झाली आणि उद्भासन सेकंदाच्या अपूर्णांकावर आले. जॉर्ज ईस्टमन यांचा कोडॅक कॅमेरा १८८८ मध्ये बाजारात आला, तो हातात धरूनच वापरण्याचा होता. त्याच्या यशाचे एक कारण क्वचितच सांगितले जाते : त्याचे भिंग विशाल कोनाचे व चित्रे लहान असल्यामुळे हाताचा कंप चित्रात सहसा जाणवत नसे. तिपाई आता इतिहासजमा होणार, असे तेव्हा कोणास वाटले असल्यास नवल नाही. याच सुमारास चालण्याच्या काठीत दडणारे कॅमेऱ्याचे आधारही विक्रीस आले. फिरावयास निघालेल्या हौशी गृहस्थाला तिपाईचे ओझे नको होते. पण आधार अगदीच सोडवतही नव्हता.

ऑस्कर बार्नाक यांनी योजिलेला लायका कॅमेरा १९२५ मध्ये विक्रीस आला. ३५ मिमी. फिल्मवरील २४ × ३६ मिमी. आकाराचे चित्र पुष्कळ मोठे करून छापावे लागे. चित्राबरोबर कंपाची अस्पष्टताही तितक्याच पटींनी वाढे. त्याच काळात एफ/२ छिद्राचे अत्यंत प्रकाशग्राही भिंग असलेला एर्मानॉक्स कॅमेरा घेऊन एरिच सालोमन राजकीय परिषदांमधील चित्रे घेत. दिव्यांच्या उजेडातील दीर्घ उद्भासनामुळे त्यांनाही अनेकदा तिपाईचा आश्रय करावा लागे. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिक क्रीडासामन्यांच्या सुमारास कार्ल त्साइस कंपनीने काँटॅक्स कॅमेऱ्यासाठी १८० मिमी. केंद्रांतराचे एफ/२·८ भिंग तयार केले. ते ऑलिंपिया सोनार या नावाने ओळखले जाते. क्रीडाचित्रणातील लांब व जड भिंगांच्या परंपरेचा हा एक ठळक आरंभ मानता येईल. मोनोपॉडची खरी गरज निर्माण केली ती या भिंगांनी.

कंपाचे गणित : हातातील कॅमेऱ्याची हालचाल दोन प्रकारची असते. कॅमेरा जागेवरून सरकतो आणि तो एखाद्या अक्षाभोवती किंचित वळतो. दूरच्या विषयाच्या बाबतीत सरकण्याचा परिणाम नगण्य असतो. ३० मी. अंतरावरील खेळाडूचे चित्र ३०० मिमी. भिंगाने घेताना कॅमेरा १ मिमी. सरकला, तर फिल्मवरील प्रतिमा सु. ०·०१ मिमी. एवढीच सरकते. वळण्याचे तसे नाही. कॅमेरा केवळ एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग वळला, तर ५० मिमी. भिंगाने प्रतिमा सु. ०·०१५ मिमी. सरकते, तेच ३०० मिमी. भिंगाने हे सरकणे सु. ०·०८७ मिमी. होते. ३५ मिमी. फिल्मवर सु. ०·०३ मिमी. पर्यंतची अस्पष्टता डोळ्यास चालते असे परंपरेने मानतात. म्हणजे तोच हात, तोच कंप. पण एक चित्र नेटके येते, तर दुसरे मर्यादेच्या जवळजवळ तिपटीने बिघडते. हातात धरलेल्या कॅमेऱ्याचा झडपवेग, सेकंदांत, केंद्रांतराच्या व्यस्ताहून मंद नसावा, म्हणजे ३०० मिमी. भिंगास १/३०० सेकंद वा त्याहून कमी, हा छायाचित्रकारांचा ठोकताळा याच गणितातून उपजला.

१९३५ मध्ये आलेल्या कोडाक्रोम या रंगीत फिल्मची संवेदनशीलता आजच्या मापनानुसार १० च्या आसपास होती. स्वच्छ उन्हात एफ/४ छिद्रावर तिला सु. १/१६० सेकंद एवढे उद्भासन लागे आणि ढगाळ हवेत ते १/२० सेकंदापर्यंत जाई. ३०० मिमी. भिंगाने भर उन्हातही हाती चित्र घेणे जोखमीचे होते, हे यावरून उघड होईल. फिल्मची संवेदनशीलता पुढे वाढत गेली. परंतु छायाचित्रकाराने ती वाढ स्थिरतेत जमा न करता अधिक लांब भिंगे, संध्याकाळचा प्रकाश व कृत्रिम दिव्यांखालील सामने यांवर खर्च केली. प्रत्येक सुधारणेने आधाराची गरज संपविण्याऐवजी ती एक पायरी पुढे ढकलली. १९५९ मधील निकॉन एफसारख्या एकभिंगी परावर्ती कॅमेऱ्यांमुळे लांब भिंगातून थेट पाहणे सुलभ झाले, तेव्हा तर अशा भिंगांचा प्रसार फारच झपाट्याने झाला.

मोनोपॉड नेमके काय साधतो, हे वरील विवेचनावरून समजू शकते. दंडाचे टोक जमिनीवर टेकल्यामुळे कॅमेऱ्याचे वरखाली होणे थांबते आणि वजनही हातांवरून उतरते; थकलेला हात अधिक थरथरतो, म्हणून हा लाभ लहान नाही. हातात धरलेला कॅमेरा सु. १५ सेंमी. अंतरावरील दोन हातांच्या आधाराने तोललेला असतो. त्यातील एक हात ०·०४ मिमी. हलला तरी कॅमेरा एक कला वळतो. १·५ मी. लांबीच्या दंडावर घट्ट बसविलेला कॅमेरा पुढेमागे तेवढाच वळण्यास दंडाचा माथा सु. ०·४४ मिमी., म्हणजे दसपट, हलावा लागतो. स्वतःच्या उभ्या अक्षाभोवती मात्र दंड मोकळेपणाने फिरतो आणि त्या दिशेचा कंप हातांनी व शरीराच्या टेकूनेच आवरावा लागतो. धावत्या खेळाडूचा वा उडत्या पक्ष्याचा मागोवा घेताना हाच दोष गुण ठरतो. सर्वसाधारण अनुभव असा, की मोनोपॉडमुळे एक ते तीन टप्प्यांची सवलत मिळते. येथे टप्पा म्हणजे उद्भासनाचा काळ दुप्पट होणे. ५०० मिमी. भिंगाने १/५०० ऐवजी १/१२५ सेकंदावर काम भागते. अर्ध्या सेकंदाच्या उद्भासनास, ताऱ्यांच्या चित्रांस किंवा अगदी जवळून घ्यावयाच्या फुलाकीटकांच्या चित्रांस मोनोपॉड पुरा पडत नाही. शेवटच्या प्रकारात प्रतिमा वस्तूएवढीच मोठी असल्याने १ मिमी. चे सरकणेही प्रतिमेत १ मिमी. चेच होते आणि पुढेमागे झुकणे एका पायाने थांबत नाही. तेथे तिपाईच हवी.

आधाराची निवड तांत्रिक कारणांनीच होते असे नाही. क्रीडांगणाच्या सीमेवर छायाचित्रकारांची दाटी असते. तेथे तीन पाय पसरण्यास जागा नसते आणि अंगावर येणाऱ्या खेळाडूपासून क्षणार्धात बाजूला होता आले पाहिजे. अनेक संग्रहालयांत व स्मारकांत तिपाईस परवानगी लागते किंवा ती नाकारली जाते. एकाच पायाच्या दंडास कोठे मुभा असते, तर कोठे तोही तिपाईतच गणला जातो. याची आधी चौकशी करणे इष्ट.

दंडाची निवड : पहिला विचार उंचीचा. शीर्ष व कॅमेरा चढविल्यावर पाहण्याची खिडकी उभ्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीस, वाकावे न लागता, आली पाहिजे. दंड अनेकदा तिरपा धरावा लागतो आणि उतारावर किंवा पायऱ्यांवर त्याचे टोक पायांखालच्या पातळीवर टेकवावे लागते. भिंग वर रोखल्यास खिडकी खालीही येते. म्हणून हिशेबाने येणाऱ्या उंचीहून १५-२० सेंमी. अधिक लांबीचा दंड घ्यावा. लांब दंड आखूड करता येतो. आखूड दंड लांब करता येत नाही. पाच नळ्यांचा दंड मिटल्यावर पिशवीत मावतो खरा, पण त्याची सर्वांत खालची नळी बोटाएवढी बारीक असते व जड भिंगाखाली ती लवते. प्रवासापेक्षा काम महत्त्वाचे असेल त्याने तीन किंवा चार नळ्यांवर थांबावे. निर्माते जो भार सांगतात, तो स्थिर वजनाचा असतो आणि छायाचित्रकार दंडावर आपलेही अंग टाकतो. सांगितलेला भार उपकरणाच्या वजनाच्या निदान दुप्पट असावा हे बरे.

लाकूड व पितळ यांची जागा विसाव्या शतकात ॲल्युमिनियमने घेतली. १९९४ मध्ये गिट्सो या मूळच्या फ्रेंच कंपनीने कार्बन तंतूंच्या नळ्यांची तिपाई बाजारात आणली व पुढे ते द्रव्य मोनोपॉडसाठीही रूढ झाले. कार्बन तंतूंच्या नळ्या हलक्या असतात, कंप लवकर शमवितात आणि थंडीत हातास चटका देत नाहीत. तथापि एका पायाच्या दंडात वजनाची बचत थोडकीच असल्यामुळे अधिक किंमत मोजण्याचे कारण तिपाईइतके सबळ नसते. हा पैसा चांगल्या शीर्षावर खर्च करणे अधिक शहाणपणाचे. नळ्या अडकविण्याच्या कळा खटक्याच्या असतात किंवा पिळाच्या. खटक्याची कळ हातमोज्यांनिशी, नजर न वळविता उघडता येते व ती बंद आहे की नाही हे दिसते. मात्र ती झुडपात अडकते. पिळाची कळ सुटसुटीत असते, पण अर्धवट आवळली गेल्यास कॅमेऱ्यासह दंड खाली बसतो.

शीर्षाची निवड : या बाबतीत ग्राहकांची सर्वाधिक फसगत होते, कारण तिपाईसाठी उत्तम असलेले शीर्ष मोनोपॉडसाठीही उत्तम असणार असे गृहीत धरले जाते. तिपाई स्थिर असल्याने सर्व दिशांची हालचाल शीर्षालाच पुरवावी लागते. मोनोपॉड स्वतःच फिरतो व कलतो. आडवे वळणे दंडाला फिरवून साधते, बाजूला कलणे दंड कलवून साधते. उरते ते वर-खाली रोखणे. त्यामुळे केवळ एका दिशेने झुकणारे साधे शीर्ष पुष्कळदा पुरते. लांब भिंगांना स्वतःचे कडे असते व ते कडेच शीर्षावर बसवितात. कड्यात भिंग फिरवून आडव्या चौकटीचे चित्र उभे करता येते, म्हणून अशा भिंगाखाली झुकते शीर्षच योग्य होय. डोळ्यांच्या पातळीवरच्या खेळाचे चित्रण करणारे अनेक व्यावसायिक तेही वगळून भिंगाचे कडे थेट दंडाच्या स्क्रूवर बसवितात.

गोलक शीर्षात एक चेंडू वाटीत फिरतो व तो एकाच कळीने आवळला जातो. तिपाईवर ते अतिशय सोयीचे आहे. मोनोपॉडवर कड्याविना भिंगे व लहान कॅमेरा वापरणारास, उभी चौकट साधण्यासाठी, त्याचा उपयोग होतो. जड भिंगाखाली मात्र कळ ढिली होताच सगळा भार एकदम कलंडतो. बोटे चिमटतात किंवा भिंग दंडावर आदळते. उभी, आडवी व बाजूची हालचाल वेगवेगळ्या दांड्यांनी करणारे तिहेरी शीर्ष मोनोपॉडवर निव्वळ ओझे ठरते. भिंग त्याच्या गुरुत्वमध्याशी टांगणारे गिंबल शीर्ष आकाशातील पक्ष्यांसाठी उत्कृष्ट. पण ते मोठे असते व त्याची खरी जागा तिपाईवर आहे. चलचित्रणासाठी द्रवाच्या घर्षणाने हालचाल संथ करणारे शीर्ष व तळाशी तीन लहान पाय असलेले मोनोपॉड मिळतात. हे पाय तोल सावरण्यापुरतेच असतात. त्यांच्या भरवशावर कॅमेरा सोडून दूर जाऊ नये.

जोडणीच्या स्क्रूबाबत मात्र जगात मोठी एकवाक्यता आहे. कॅमेऱ्यासाठी १/४ इंच व्यासाचा, इंचास २० आटे असलेला आणि जड उपकरणांसाठी ३/८ इंच व्यासाचा, १६ आट्यांचा स्क्रू वापरतात. दोहोंचा समावेश आयएसओ १२२२ या आंतरराष्ट्रीय मानकात आहे. मेट्रिक मापांच्या जगात हे इंचांचे आटे टिकून आहेत, ही एक मौजच. मोनोपॉडच्या माथ्यावरील स्क्रू बहुधा उलटा करता येतो. झटपट बसणाऱ्या पट्ट्यांपैकी स्विस आर्का कंपनीच्या पद्धतीची, उतरत्या कडांची सु. ३८ मिमी. रुंद पट्टी आता अनेक निर्माते वापरतात. आपल्या तिपाईवर जी पट्टी असेल तीच दंडावरही असावी.

अंतर्गत स्थिरीकरण : कंपाचा वेध घेऊन भिंगातील एक घटक उलट दिशेने सरकविणारी योजना कॅननने १९९५ मध्ये ७५–३०० मिमी. भिंगात आणली, २००३ मध्ये मिनोल्टाने कॅमेऱ्यातील संवेदकच हलविण्याची पद्धती आणली. आरंभी या योजनांनी सु. दोन टप्प्यांची सवलत मिळे. आजचे निर्माते पाच व त्याहून अधिक टप्प्यांचा दावा करतात. पुन्हा एकदा आधाराची गरज संपल्याचे बोलले जाऊ लागले. परंतु स्थिरीकरण यंत्र भिंगाचे वजन उचलीत नाही. कॅननच्या ४०० मिमी. एफ/२·८ भिंगाचे वजन १९९९ च्या आवृत्तीत ५·३७ किग्रॅ. होते, २०१८ च्या आवृत्तीत ते २·८४ किग्रॅ. एवढे कमी झाले. तरीही दिवसभराच्या कसोटी सामन्यात एवढे भिंग हातांवर तोलून प्रत्येक चेंडूची वाट पाहणे अशक्यप्राय आहे. मोनोपॉडचे काम अशा रीतीने कंप थोपविण्याकडून भार वाहण्याकडे अधिकाधिक सरकले आहे. दंडावर स्थिरीकरण सहसा चालू ठेवावे आणि विषयाचा मागोवा घेताना केवळ उभ्या दिशेचा कंप आवरणारी कळ निवडावी.

वापर व निगा : दंडाचे टोक दोन पायांच्या मध्ये किंचित पुढे टेकवून, पाय रुंद ठेवून, अंगाचा थोडा भार दंडावर द्यावा, डावा हात भिंगावर किंवा शीर्षाजवळ असावा आणि कपाळ कॅमेऱ्याला हलकेच टेकलेले असावे. वाऱ्यात दंड एका मांडीला भिडविल्याने बाजूचे डोलणे कमी होते. फरशीवर रबरी टोपण, तर माती व गवतावर अणकुचीदार टोक वापरतात. वाळू व समुद्राचे पाणी हे पिळाच्या कळांचे शत्रू आहेत. किनाऱ्यावर सर्वांत खालची नळी पूर्ण बाहेर काढूनच दंड वापरावा, म्हणजे सांधा पाण्यापासून वर राहतो. परतल्यावर कळा सोडवून गोड्या पाण्याने धुवाव्यात व नळ्या पूर्ण वाळल्याशिवाय मिटू नयेत.